कुठलं पुस्तक घेऊ, बाई?

परवा संध्याकाळी वाचनालय बंद करून घरी आले. जिन्यात आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी भेटली. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घाईत होती, तरी थांबली आणि म्हणाली, "बाई, मला वेब ॲप्लिकेशन करायला शिकायचंय. क्लासची फी परवडत नाही. कुठलं पुस्तक घेऊ?"

मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. "रविवारी ये, निवांत बोलू," म्हटलं. घरी येऊन चहा टाकला आणि माझंच मला हसू आलं. मराठी घेऊन बी. ए. झालेली, अठ्ठावीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेली, पंचाहत्तरीला टेकलेली मी, आणि मला हा प्रश्न! पण तिने अगदीच भलत्या माणसाला विचारलं असंही नाही. ह्याच प्रश्नाने २०१९ च्या दिवाळीपासून पुढचे दोन-तीन महिने मला रडकुंडीला आणलं होतं. तिला रविवारी काय सांगायचं त्याची जुळवाजुळव म्हणून हे लिहायला घेतलंय. नातेवाईक मंडळींना ह्यातलं अर्धं ठाऊक आहे. त्यांनी मधला भाग गाळला तरी चालेल, पण शेवट मात्र जरूर वाचावा. तिथे तुमच्याकडे एक काम आहे.

सुरुवात पुरापासून करते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं ते सगळ्यांना आठवत असेलच. गावभागातलं आमचं गल्लीतलं वाचनालय तळमजल्यावर. दोन खोल्या, अकरा कपाटं, चार हजारांच्या वर पुस्तकं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा खालच्या फळ्यांवरची पुस्तकं फुगून एकमेकांत इतकी घट्ट बसली होती, की ओढून निघेनात. पण मला त्याहून लागलं ते दाखल नोंदवह्यांचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक मिळतो. तो क्रमांक, तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, किंमत, विकत घेतलं की देणगी आलं, हे सगळं ह्या वहीत लिहितात. शेवटचा रकाना 'शेरा'. १९८६ साली वाचनालय सुरू झालं तेव्हापासून ह्या वह्या ह्यांनी लिहिल्या. बँकेतून आलं की चहा घ्यायचा आणि थेट वाचनालयात. अक्षर तर असं, की शाळेतल्या मुलांना मी नमुना म्हणून दाखवायची. आणि शेऱ्याच्या रकान्यात, "पान ४१ फाटले. वाचकाने स्वतः कबूल केले," असलं काहीबाही.

हे २०१४ मध्ये गेले. चार वह्यांपैकी पहिल्या दोन खालच्या खणात होत्या. शाई विरघळून पानं नुसती निळी झाली होती. एक अक्षर लागेना.

उरलेल्या दोन वह्या पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून पंख्याखाली वाळवल्या. वाळवता वाळवताच ठरवलं, की आता ही यादी कागदावर, एकाच जागी ठेवायची नाही. पुण्याला पुतण्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, एक्सेलमध्ये भरा की." सल्ला वाईट नव्हता. नुसती यादी हवी असेल तर तेवढंच पुरे. पण मला हवं होतं ते असं: सभासदाला घरबसल्या पुस्तक आहे की बाहेर गेलंय ते दिसावं, देवघेव लिहिणारे आम्ही तिघं, तर तिघांनाही एकाच वेळी नोंद करता यावी, आणि कुणाची तारीख उलटली ते आपोआप समजावं. "मग ते वेब ॲप्लिकेशन झालं. दोन रविवार द्या, मी करून देतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "नको, मी शिकते. तू करून दिलंस, तर बिघडलं की दर वेळी तुझ्या रविवारची वाट बघावी लागेल." कारण खरंच होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. ह्यांनी त्या वह्या अठ्ठावीस वर्षं स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. मला ती वही पुन्हा आपल्याच हाताने लिहायची होती. हे काही पुतण्याला बोलले नाही.

आता पुस्तकाकडे वळते. मी पहिलं पुस्तक घेतलं ते जुन्या पुस्तकांच्या ढिगातून. पीएचपी आणि मायएसक्यूएल शिकवणारं, जाडजूड, दीडशे रुपयांत. छपाईचं साल २००६. मला काय, पाठ्यपुस्तक म्हणजे पाठ्यपुस्तक! पहिल्या दोन प्रकरणांतलं सगळं जमलं आणि मी हवेत. तिसऱ्या प्रकरणात माहितीच्या साठ्याशी जोडणी करायची होती. पुस्तकातलं अक्षर न् अक्षर टाइप केलं. उत्तर आलं, की असं काही फंक्शन अस्तित्वातच नाही. मी पुन्हा टाइप केलं. स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्हं तपासली. चष्मा बदलला. असे तीन आठवडे गेले. रोज रात्री एकच वाटायचं, की आपलं वय झालं, हे आपलं काम नाही.

शेवटी पुतण्याला फोटो पाठवला. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "काकू, तुमचं काही चुकलेलं नाही. मायएसक्यूएलला जोडायची ही जुनी पद्धत २०१३ मध्ये बाद ठरवली आणि २०१५ अखेर पीएचपीची सातवी आवृत्ती आली तेव्हा काढूनच टाकली. पुस्तक जुनं आहे." त्याने ती ओळ बदलून दिली. मग जोडणी झाली, तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी तक्ता लॅटिन अक्षरांच्या संचात केला होता. त्यात अ-आ-इ-ई ला जागाच नव्हती.

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण कारण वेगळं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वीचा, सातवीतला एक मुलगा आठवला. बालभारतीची पुस्तकं त्या वर्षी बदलली होती. मी धडा विचारला, तर हा भलताच काहीतरी सांगायला लागला. वर्ग हसला. मी त्याला तास संपेपर्यंत उभं केलं. दोन-तीन वेळा असं झालं. मग कुणीतरी सांगितलं, की तो थोरल्या भावाचं जुनं पुस्तक वापरतोय, नवं घ्यायला घरात पैसे नाहीत. त्याने पाठ बरोबर केला होता, पण पुस्तक जुनं होतं. मी त्याला नवं पुस्तक मिळवून दिलं खरं, पण त्याच्या मनात "आपण ढ आहोत" हे जे बसलं असेल, ते काढायला मी काही केलं नाही. तेव्हा एवढं सुचलंच नाही. सत्तरीच्या उंबरठ्यावर, रात्री अकरा वाजता त्या पडद्यासमोर बसून, तो मुलगा उभ्या उभ्या काय विचार करत असेल ते मला पहिल्यांदा कळलं.

असो. तर पुस्तकाचा पहिला नियम मी असा शिकले: आधी साल पाहा. कथा-कादंबरीचं साल कुणी पाहत नाही, पण ह्या विषयात साल आणि आवृत्ती हीच पुस्तकाची जन्मपत्रिका. नुसतं पुस्तकाचं साल नव्हे, तर ते ज्या साधनाबद्दल आहे त्याची कितवी आवृत्ती धरून लिहिलंय, तेही.

जानेवारी २०२० मध्ये पुण्याला गेले तेव्हा अप्पा बळवंत चौकात अख्खी दुपार घालवली. दुकानदाराला वाटलं असेल, आजी नातवासाठी आल्यात. मी एकेक पुस्तक काढून स्टुलावर बसून पाहिलं, आणि पाठ्यपुस्तक निवडायची मास्तरांची जुनी सवय कामी आली.

एक म्हणजे प्रस्तावना वाचायची. लेखक कुणासाठी लिहितोय ते तो तिथे सांगतो. "वाचकाला प्रोग्रामिंगची सर्वसाधारण ओळख आहे असे गृहीत धरले आहे" अशा अर्थाचं वाक्य दिसलं, की माझ्यासारखीने ते पुस्तक नमस्कार करून परत ठेवावं. पुस्तक वाईट नसतं, पण ते आपल्या इयत्तेचं नसतं.

दुसरं म्हणजे मधलंच एखादं पान उघडून वाचायचं. माझं इंग्रजी बेताचं. पण तांत्रिक पुस्तकाचं इंग्रजी साधं असू शकतं, हे पुतण्याच्या होस्टेलच्या दिवसांपासून माहीत होतं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' त्याच्याकडे होतं. सी भाषा शिकलेली आपल्याकडची कितीतरी मुलं त्या पुस्तकावर वाढली. ते मी सहज चाळलं होतं, आणि वाक्यं कळली होती. तेव्हा एका पानात पाचापेक्षा जास्त शब्दांना अडले, तर पुस्तक परत ठेवायचं, असा हिशेब केला.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पुस्तक एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतं का? बरीच पुस्तकं शब्दकोशासारखी असतात. सगळं असतं, क्रमाने असतं, पण शब्दकोश वाचून कुणाला निबंध लिहिता येत नाही. संदर्भाला ती उत्तम, शिकायला नव्हेत. मुलाला पोहायला शिकवायचं तर विहिरीत उतरवावं लागतं.

चौथं, धड्याखाली स्वाध्याय आहेत का. आणि ते नुसते "खालील वाक्ये पूर्ण करा" छाप आहेत, की डोकं लावायला लावणारे.

आणि पाचवं, दुसऱ्याच्या माहितीची काळजी कशी घ्यायची, हे पुस्तकात कुठे येतं? हे पुतण्याने सांगितलं होतं, आणि ते समजायला मला वाचनालयाचं टेबलच उपयोगी पडलं. समजा, टेबलापाशी बसलेला कारकून अगदी आज्ञाधारक आहे. चिठ्ठीवर जे लिहिलंय ते तो अक्षरशः करतो. एखाद्याने पुस्तकाचं नाव लिहून पुढे लिहिलं, "आणि नोंदवही जाळून टाका," तर हा ती जाळून मोकळा! वेब ॲप्लिकेशनवर अशा चिठ्ठ्या पाठवणारे असतात. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. शिवाय हा कारकून विसरभोळाही. तुम्ही मान वळवलीत, की तो तुम्हाला विसरला. वेबचे मूळ नियमच तसे आहेत, प्रत्येक मागणी नवी. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली ह्यांनी 'कुकी' काढली. म्हणजे सभासदाच्या हाती एक बिल्ला द्यायचा, आणि दर वेळी तो दाखवायला सांगायचं. आता हा बिल्ला चोरीला गेला तर? कोण काय वाचतं ही ज्याची त्याची खाजगी बाब असते. ह्यांनी देवघेवीचं रजिस्टर कधी कुणाला चाळू दिलं नाही. तेव्हा जे पुस्तक हे काही शिकवतच नाही, ते मला नको होतं.

ह्या पाच चाळण्यांतून जे खाली उरलं, ते एरिक मॅथिस ह्यांचं 'पायथन क्रॅश कोर्स', दुसरी आवृत्ती, २०१९. ते वेबचं पुस्तक नाहीच. पहिला अर्धा भाग पायथन ही भाषा शिकवतो. दुसऱ्या भागात तीन मोठी कामं आहेत, आणि त्यातलं तिसरं म्हणजे वेब ॲप्लिकेशन. पुतण्या म्हणाला, "काकू, तुम्हाला वेब शिकायचंय, त्यात निम्मं पुस्तक भलतंच." मी म्हटलं, "बाराखडी भलती नसते." आणि मलपृष्ठावर लेखकाबद्दल वाचलं तेव्हा तर शंकाच उरली नाही. हा गृहस्थ अलास्कातला, शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणारा मास्तर! म्हटलं, आपल्याच जातकुळीतला आहे.

त्यातलं ॲप्लिकेशनही मास्तरलाच सुचावं असं. आपण आज काय शिकलो ते विषयवार लिहून ठेवायची वही. आम्ही टाचणवही लिहायचो, त्याची मला आठवण झाली. ते जँगो नावाच्या साधनात करायचं असतं. (लिहिताना 'डी' आहे, पण उच्चारत नाहीत. जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकावरून हे नाव ठेवलंय. आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जायबंदी झाली होती, तरी तो वाजवत राहिला. हे वाचल्यावर माझ्या संधिवाताच्या बोटांची मी तक्रार बंद केली.) हे साधन अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं, आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. कॉम्प्युटरवाला नसलेल्या बातमीदारालाही मजकूर भरता यायला हवा होता. म्हणून तुम्ही फक्त "पुस्तक म्हणजे काय, सभासद म्हणजे काय" एवढं मांडून द्यायचं, की माहिती भरायची पानं ते स्वतःच तयार करतं. आमच्या वाचनालयाला हेच हवं होतं.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि मला दुसरं कामच उरलं नाही. रोज सकाळी दहा ते बारा. नियम एकच: पुस्तकातलं काहीही कॉपी करून चिकटवायचं नाही, सगळं हाताने टाइप करायचं. शुद्धलेखन मी मुलांकडून असंच करून घ्यायची. चुका व्हायच्या. पण आता चूक झाली की माझीच असायची, पुस्तकाची नव्हे, आणि त्याने केवढा फरक पडतो! आपली चूक सापडते. पुस्तकाची चूक आपल्याला सापडत नाही, आपण फक्त खचतो.

एका प्रकरणात लेखक दाखवतो, की वरच्या पत्त्याच्या पट्टीत आकडा बदलून टाकला तर दुसऱ्याची वही उघडते. तुम्ही थक्क होता, आणि मग तो ते दार बंद कसं करायचं ते शिकवतो. मास्तर चांगला आहे हे मला तिथे पटलं. आधी भगदाड दाखवलं, मग लिंपायला लावलं.

वर्षभराने, २०२१ च्या सुरुवातीला, आमचं वाचनालय वेबवर आलं. त्या जुलैत सांगलीत पुन्हा पाणी आलं. ह्या वेळी पोरांनी पुस्तकं आधीच वरच्या मजल्यावर नेली होती. मी गॅलरीत बसून पाऊस पाहत होते, आणि दाखल नोंदवहीची चिंता मला नव्हती. ते सुख सांगून कळायचं नाही.

पण पुस्तक कुठवर पुरतं, तेही सांगायला हवं. दोन ठिकाणी ते संपलं. एक म्हणजे शेवटचं प्रकरण. तयार झालेलं ॲप्लिकेशन ज्या सेवेवर फुकट ठेवायला सांगितलं होतं, तिची फुकट सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली आणि आम्हाला बिऱ्हाड हलवावं लागलं. पुस्तकाची २०२३ ची तिसरी आवृत्ती आली, त्यात ते प्रकरण बदललेलंच आहे. म्हणजे चांगलं पुस्तकसुद्धा एका टोकाकडून शिळं होत जातं. पायथनची बाराखडी टिकते, वेबचे मूळ नियम टिकतात, माहितीचे तक्ते कसे मांडायचे ते टिकतं. शेवटचं, बाहेर नेऊन ठेवण्याचं प्रकरण आधी नासतं. म्हणून जे टिकतं ते छापील घ्यावं, जे बदलतं ते जँगोच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचावं. तिथे सुरुवात करणाऱ्यासाठी मतदानाचं एक छोटं ॲप्लिकेशन करून दाखवलंय, फुकट आहे. साधारण आठ महिन्यांनी जँगोची नवी आवृत्ती येते, तेवढ्या वेगाने छापील पुस्तक कसं धावणार?

दुसरी जागा जास्त गमतीची. सभासदांची यादी अकारविल्हे लावली, तर काळे आडनाव कावळे आणि काशीकरांच्या आधी! मी चमकले. मग उमगलं, की युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या शेजारी, व च्या आधी बसवलाय. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. संगणक आपला आकडे पाहून लावतो. दुसरं म्हणजे 'कादंबऱ्या' शोधलं, की अर्ध्याच कादंबऱ्या सापडायच्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, दिसतो सारखाच, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मी पाहिलेल्या एकाही पुस्तकात ह्यातलं काही नव्हतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ह्याची अडचण कशाला पडेल? तेव्हा बसले आणि दहा-बारा ओळी स्वतः लिहिल्या. ळ ला उचलून ह च्या मागे नेऊन ठेवला, आणि शोधण्याआधी दोन्ही र एक केले. कुठल्याही पुस्तकात न पाहता लिहिलेल्या त्या माझ्या पहिल्या ओळी. त्या चालल्या तेव्हा घरात कुणी नव्हतं. मी एकटीच टाळी वाजवली. आयुष्यभर मराठीची बाई म्हणून जे शिकवलं, ते तिथे उपयोगी पडलं.

पुतण्या हल्ली म्हणतो, "काकू, आता पुस्तकं कशाला? एआयला विचारा, ते लिहूनच देतं." मी विचारते की! अडलं की हमखास विचारते, आणि जुन्या पुस्तकाबरोबर घालवलेल्या त्या तीन आठवड्यांत ते असतं तर तीन मिनिटांत सुटले असते. पण ते मी विचारलेल्याचं उत्तर देतं. पत्त्यातला आकडा बदलून दुसऱ्याची वही उघडते, हे मला विचारायला सुचलंच नसतं. काय विचारायला हवं, हे मास्तर शिकवतो, आणि चांगलं पुस्तक म्हणजे मास्तरच. आधी ते, मग एआय. तसं केलं तर यंत्राने चुकीचं लिहून दिलं तरी ओळखता येतं.

तर रविवारी त्या मुलीला मी पुस्तकाचं नाव सांगेनच, पण आधी विचारणार, "तुला करायचंय काय?" मला वाचनालयाची वही करायची होती, म्हणून ते पुस्तक माझं झालं. तिला आईच्या डब्यांच्या ऑर्डरींसाठी काहीतरी करायचं असेल, किंवा नोकरीसाठी शिकायचं असेल, तर कदाचित दुसरं पुस्तक बरं पडेल. काम ठरलं की पुस्तक निवडणं सोपं जातं. आणि माझी प्रत तिला उसनी देणार नाही. ती दुसरी आवृत्ती आहे, आता जुनी झाली. तिला सांगणार, "नवी आवृत्ती घे, निम्मे पैसे मी देते." सातवीतल्या त्या मुलाचं एवढं तरी देणं लागते मी.

आता शेवटचं काम, तुमच्यासाठी.

वाचलेल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर दाखल क्रमांक असतो, त्यावरून पहिल्या दोन वह्यांतल्या बऱ्याच नोंदी आम्ही परत उभ्या केल्या. पण जिथे पुस्तकही गेलं आणि वहीही गेली, असे सहाशेच्या वर क्रमांक अजून रिकामे आहेत. पुतण्या म्हणाला, ते काढून टाका, यादी स्वच्छ दिसेल. मी काढले नाहीत. क्रमांक आहे, पुढे "माहिती नाही" असं लिहिलंय. शेऱ्याचा रकानाही ठेवलाय. तोही त्याला नको होता.

मागच्या वर्षी माझी आतेबहीण न्यूजर्सीहून बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, "अगं, माझ्याकडे तुमच्या वाचनालयाचं एक पुस्तक आहे. लग्न होऊन इकडे येताना बॅगेत आलं, परत द्यायचं राहिलं." मी म्हटलं, "आधी पहिलं पान उघड आणि क्रमांक सांग." तिने सांगितला, ३१८. माझ्या यादीत ३१८ रिकामा होता. क्रमांकाच्या खाली पेन्सिलने तारीख आणि सही होती, ती तिने फोटो काढून पाठवली. अक्षर ह्यांचं.

पुस्तक तिच्याकडेच राहू दे म्हटलं. नोंद मात्र केली. शेरा लिहिला: "पुस्तक न्यूजर्सीस आहे. वाचकाने स्वतः कबूल केले."

तर मंडळी, सांगलीहून जी जी पुस्तकं तुमच्या कपाटांत गेली असतील, त्यांचं पहिलं पान एकदा उघडून बघा. निळा गोल शिक्का आणि खाली आकडा असेल तर मला कळवा. पुस्तक परत मागणार नाही. उशिराचा दंडही माफ.